दामदुपटीच्या योजना व त्यांची पारख

माळेगावच्या यात्रेत लाल कंधारी गोऱ्हा घेण्यास गेलेला शेतकरी काय करतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. तो प्रथम दात पाहतो, मग खांदा व खूर पाहतो, जनावरास चार पावले चालवून त्याची चाल पाहतो. विकणारा कितीही गोड बोलला तरी त्याच्या गावचा कोणी यात्रेत आला आहे काय, हे शोधून त्याजपाशी चौकशी करतो. मृगापूर्वी घरचे सोयाबीन पेरावयाचे असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, आणि सत्तरांहून कमी उगवले तर ते बियाणे बाजूस सारतो. येणेप्रमाणे पारख करणे हा शेतकऱ्याचा स्वभावच आहे. परंतु हाच मनुष्य वर्षभराची हळद विकून हाती आलेली रक्कम एखाद्या गुळगुळीत छापील कागदावर विश्वासून परक्याच्या स्वाधीन करतो, आणि त्या वेळी ना दात पाहतो ना चाल. असे का व्हावे, आणि पैशाच्या योजनेचीही उगवणशक्ती पेरणीपूर्वी कशी तपासावी, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

हिंगोली जिल्ह्यात हा विषय विशेष अगत्याचा आहे. वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव व हिंगोली ह्या पाचही तालुक्यांत हळदीचा पेरा मोठा आहे. हळद हे नऊ महिन्यांचे पीक. काढणी, शिजवणे, वाळवणे व पॉलिश इतके सोपस्कार झाल्यावर फाल्गुन-चैत्रापासून पुढे तिचा पैसा हाती येतो, आणि तोही एकदम येतो. नोकरदाराचा पगार दरमहा येतो. एका महिन्याचा बुडाला तर दुसरा येतो. आपला पैसा वर्षातून एकदाच येतो, आणि त्यातच पुढील हंगामाचे बेणे, खत, मजुरी, पीककर्जाची फेड व घरचे कार्य, सर्व काही भागवावयाचे असते. तो बुडाला म्हणजे एक वर्षच बुडाले. हे आपण जाणतो तसे आमिष दाखविणारेही जाणतात, म्हणून ते नेमके त्याच दिवसांत गावी येतात.

गेल्या हंगामात आमच्या कचेरीत कळमनुरी तालुक्यातील एक सभासद आले. त्यांच्याजवळ एक रंगीत माहितीपत्रक होते. एक लाख रुपये ठेविल्यास दरमहा पाच हजार मिळतील आणि वीस महिन्यांनी मुद्दलही परत मिळेल, असे त्यात लिहिले होते. कंपनीचा नोंदणी क्रमांक होता, शिक्का होता, हिरव्यागार मळ्याचे चित्र होते. त्यांस तीन लाख ठेवावयाचे होते. पण खरी अडचण निराळीच होती. त्या कंपनीचे एजंट म्हणजे त्यांचे सख्खे मेहुणे होते. ते म्हणाले, “नाही म्हणावे तर बहिणीच्या घरी तोंड कसे दाखवू? आणि हो म्हणावे तर रात्री झोप येत नाही.” ह्या गृहस्थांस आम्ही जे सांगितले तेच येथे विस्ताराने मांडीत आहो.

१. मूळ प्रश्न : पैसा येतो कोठून?

कोणतीही योजना पुढे आली असता ‘मला किती मिळेल?’ हा प्रश्न आपल्या मनात प्रथम उभा राहतो. तो बाजूस ठेवून दुसराच प्रश्न प्रथम विचारावा : ‘मला जे देणार, ते हा मनुष्य कोठून आणणार?’ व्याज आकाशातून पडत नाही. ते कोणत्या तरी मालाच्या विक्रीतून किंवा कोणाच्या तरी कष्टातून निघाले पाहिजे. ज्या योजनेत ते नव्या ठेवीदारांच्या मुद्दलातूनच निघते, ती योजना चालविणारा कितीही सज्जन दिसो, शेवटी बुडणारच. कारण ते गणित आहे.

समजा, दहा जणांनी प्रत्येकी एक लाख दिले. दहा लाख जमले. एजंटांची दलाली एक लाख व कचेरीचा, गाडीचा, सभांचा खर्च एक लाख वजा जाता आठ लाख उरले. दरमहा दहा टक्के देण्याचा वायदा असेल तर महिन्यास एक लाख वाटावे लागतात. कंपनीने काहीही धंदा न करिता हे आठ महिने बिनबोभाट चालेल. आठही महिने प्रत्येकाचा हप्ता तारखेस येईल, लोक तिची वाखाणणी करतील, आणि ती ऐकून आणखी शंभर जण पैसे आणतील. म्हणजे ‘मला हप्ते वेळेवर मिळाले’ हा प्रामाणिक मनुष्याचा अनुभव योजनेच्या खरेपणाचा पुरावा मुळीच नव्हे. गळाला लावलेला कणकेचा गोळाही खराच असतो.

अमेरिकेत बोस्टन शहरी १९२० साली चार्ल्स पाँझी नावाच्या इसमाने पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफा देऊ असे सांगून हाच खेळ मांडिला. टपालाची कुपने एका देशात स्वस्त घेऊन दुसऱ्या देशात महाग वटविण्याचा आपला धंदा आहे, असे तो सांगे. प्रत्यक्षात जुन्यांस नव्यांचा पैसा वाटला जात होता. काही महिन्यांतच डोलारा कोसळला, आणि अशा फसवणुकीस आजही जगभर त्याचेच नाव देतात.

‘दोन सभासद आणा, त्यांनी आणखी दोन आणावे’ ही साखळीही ह्याच कुळातली. एकाने दोन, दोघांनी चार, चौघांनी आठ, असे करीत गेल्यास विसाव्या फेरीस नवे सभासद १० लाख ४८ हजारांवर लागतात, आणि आधीचे मिळून ही संख्या वीस लाखांच्या पुढे जाते. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे आपल्या सबंध जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख ७७ हजार होती. म्हणजे पाळण्यातील मुलांसुद्धा सारा जिल्हा सभासद झाला तरी ती विसावी फेरी पुरी होत नाही. साखळी तुटते तेव्हा शेवटच्या फेऱ्यांतील लोक सर्वांत अधिक असतात, आणि बुडतात तेच. अशा पैसा फिरविण्याच्या योजनांस १९७८ च्या कायद्याने देशभर बंदी आहे.

२. शेतीच्या वेषात आलेल्या योजना

शेतकऱ्यास फसविणारा शेतकऱ्याचीच भाषा बोलतो. कोंबडी, शेळी, म्हैस, जमीन, झाड अशा आपल्या ओळखीच्या वस्तू तो पुढे करतो, म्हणून आपली शंका निजते.

सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथील महारयत अॅग्रो ह्या कंपनीचे कडकनाथ प्रकरण २०१९ साली उजेडात आले, ते अद्याप अनेकांच्या स्मरणात असेल. कडकनाथ ही मध्यप्रदेशातील झाबुआ भागाची काळ्या मांसाची खरी जात आहे. तीत खोटे काही नाही. कंपनी शेतकऱ्यास पिल्ले चढ्या भावाने विकी, आणि त्यांची अंडी व मोठे पक्षी आपणच ठरलेल्या भावाने परत घेऊ असा करार करी. अनेक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी कर्ज काढून शेड उभारिली. पुढे खरेदी थांबली, खाद्य येईनासे झाले, पक्षी उपाशी मरू लागले, आणि कंपनीच्या चालकांविरुद्ध गुन्हे नोंदविले गेले.

येथे गणित कसे बिघडते ते पाहा. समजा, दोनशे पक्ष्यांत एकशे साठ माद्या आहेत व प्रत्येकीने वर्षास ऐंशी अंडी दिली. ती १२,८०० झाली. त्यांतील निम्म्यांची पिल्ले निघाली तर ६,४०० पिल्ले. एका शेतकऱ्यास दोनशे ह्या मानाने ती बत्तीस नव्या शेतकऱ्यांस विकावी लागतील, आणि पुढील वर्षी त्या बत्तिसांची पिल्ले एक हजार चोवीस जणांस. जोवर नवा शेतकरी मिळतो तोवरच जुन्याच्या अंड्यास भाव आहे. ते अंडे चढ्या भावाने खाणारा ग्राहक शहरात कोठे आहे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावयास हवा होता. जेथे विक्रेता व खरेदीदार एकच असतो आणि बाहेरच्या बाजारात त्या मालास तो भाव नसतो, तेथे सावध व्हावे. तामिळनाडूत पेरुंदुराई येथे एमू नावाच्या ऑस्ट्रेलियातील पक्ष्याच्या पालनाची योजना २०१२ साली कोसळली, तिची कथाही ह्याच वळणाची आहे. आपल्या शेतकऱ्यांनी ती सात वर्षे आधीच वाचली असती तर बरे झाले असते.

दुसरी तऱ्हा अशी की जनावर किंवा जमीन आपल्या दारी येतच नाही. ‘पैसे तुमचे, शेळ्या आमच्या गोठ्यात, नफा दोघांचा’ असे सांगितले जाते. पुण्याच्या समृद्ध जीवन फूड्स ह्या कंपनीने शेळ्या-म्हशींच्या नावे पैसा गोळा केला. त्यास सेबीने, म्हणजे भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने, २०१३ साली मनाई केली. पर्ल्स अॅग्रोटेक अथवा पी.ए.सी.एल. ह्या कंपनीने शेतजमिनीच्या नावे सुमारे ५ कोटी ८५ लाख लोकांकडून ४९,१०० कोटी रुपये जमविले. ते परत करण्याचा हुकूम सेबीने ऑगस्ट २०१४ मध्ये दिला, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून जमिनी विकण्याचे व पैसे परत देण्याचे काम तिजकडे सोपविले. तेव्हापासून लहान रकमांपासून आरंभ करून टप्प्याटप्प्याने परतफेड होत आली आहे. ठेव देण्यास एक संध्याकाळ लागली. परत मिळविण्यास वर्षांमागून वर्षे लागतात.

तात्पर्य, पुष्कळांचा पैसा एकत्र करून तो दुसऱ्यानेच शेतीत, जनावरांत किंवा जमिनीत लावावयाचा असेल, तर त्या योजनेची सेबीकडे नोंदणी लागते. ती नोंदणी दाखवा, एवढेच म्हणावे. आणि जमीन असल्याचे सांगत असतील तर गट क्रमांक मागून सातबारा स्वतः काढून पाहावा. सातबारा वाचण्यास आपल्याला कोणी शिकवावयास नको.

३. व्याजाचे माप

‘दामदुपट’ हा शब्द आपल्या जुन्या व्यवहारात ऋणकोच्या रक्षणासाठी होता. व्याज कितीही साचले तरी एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज सावकारास मागता येऊ नये, असा तो न्याय होता. आता तोच शब्द आमिष म्हणून वापरला जातो. म्हणून दुपटीचे माप हाती असावे.

सोपी रीत अशी : ७२ ह्या अंकास वर्षांनी भागावे, म्हणजे चक्रवाढीने किती टक्के पडतात ते स्थूलमानाने कळते. तीन वर्षांत दुप्पट म्हटले तर २४ टक्के. दोन वर्षांत म्हटले तर ३६. आता खरे माप पाहा. टपाल खात्यातील किसान विकास पत्राचा दर एप्रिल २०२३ मध्ये ७.५ टक्के ठरला. त्या दराने रक्कम दुप्पट होण्यास ११५ महिने, म्हणजे नऊ वर्षे सात महिने लागतात. सरकारच्या हमीस जेथे साडेनऊ वर्षे लागतात, तेथे दोन वर्षांत दुप्पट करणारा कोणती विद्या जाणतो?

दुसरे माप असे की, ठेवी घेण्याची परवानगी असलेल्या वित्त कंपन्यांस रिझर्व्ह बँकेने वर्षास साडेबारा टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे, आणि बारा महिन्यांहून कमी मुदतीची ठेव त्यांस घेता येत नाही. आमच्या सभासदांच्या माहितीपत्रकात दरमहा पाच, म्हणजे वर्षास साठ टक्के होते. ज्याचा धंदा साठ टक्क्यांहून अधिक नफा देतो तो बँकेकडून त्याच्या पाव व्याजाने कर्ज काढील. आपल्या ओसरीवर येऊन चहा का पिईल?

४. कागद खरा, पण कशाचा?

पुष्कळ लोक म्हणतात, ‘कंपनी नोंदलेली आहे, आम्ही संगणकावर पाहिले.’ नोंदणी खरी असू शकते. पण ती कशाची? कंपनी निबंधकाचे प्रमाणपत्र म्हणजे केवळ जन्माचा दाखला. जन्माच्या दाखल्याने मोटार हाकण्याचा परवाना मिळत नाही, तसेच कंपनीच्या नोंदणीने लोकांच्या ठेवी घेण्याचा अधिकार मिळत नाही. जी.एस.टी. क्रमांक, पॅन, उद्यम नोंदणी, दुकानाचा परवाना हे सारे कागद खरे असूनही ठेव घेणे बेकायदा असू शकते. पुढाऱ्यांसमवेत काढलेली छायाचित्रे, मोठी कचेरी, बक्षीस म्हणून वाटलेल्या मोटारी यांस तर कागदाचेही मोल नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत दादर येथे टोरेस नावाची झगमगीत दुकाने बंद पडली, तेव्हा दर आठवड्यास परतावा मिळण्याच्या आशेने पैसे दिलेले लोक दारापुढे जमले. दुकान डोळ्यांनी दिसत होते. आपला पैसा जातो कोठे ते दिसत नव्हते.

२०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याने, ज्यांस कोणत्याही नियामकाची मान्यता नाही अशा ठेव योजना चालविणे व त्यांची जाहिरात करणे हाही गुन्हा ठरविला आहे. म्हणजे एजंट म्हणून हिंडणारा आपला भाऊबंदही कायद्याच्या कचाट्यात येतो. त्यास नाही म्हणणे हे त्याचे अकल्याण नव्हे.

५. बँक व पतसंस्था यांतील भेद

हा भेद आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसतो, म्हणून येथे स्पष्ट सांगतो. व्यापारी बँका, जिल्हा मध्यवर्ती बँका व नागरी सहकारी बँका यांतील ठेवींस ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते एका बँकेत एका ठेवीदारास व्याजासह पाच लाख रुपयांपर्यंत केले आहे. पतसंस्थांस, मग त्या बहुराज्यीय असोत की तालुक्याच्या, हे संरक्षण नाही. पाटीवर ‘मल्टिस्टेट’ लिहिलेले असले तरी ती बँक नव्हे.

बीड येथील ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेत मराठवाड्यातील लाखो लोकांच्या ठेवी होत्या. २०२३ पासून त्या परत मिळेनात, आणि पुढील वर्षी संस्थेच्या चालकांस अटक झाली. ते प्रकरण न्यायालयापुढे आहे. त्याचा निर्णय न्यायालय करील. ठेवीदाराने घ्यावयाचा धडा एवढाच की शेजारच्या बँकेपेक्षा चार-पाच टक्के अधिक व्याज मिळते ते जोखमीचे मोल असते. सर्व पतसंस्था वाईट, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. सचोटीच्या संस्थांनी अडीअडचणीस शेतकऱ्याचा हात धरला आहे. परंतु लेखापरीक्षणाचा अहवाल पाहिल्यावाचून, थकबाकी किती व कर्जे कोणास दिली हे वार्षिक सभेत विचारल्यावाचून ठेव ठेवू नये, आणि बियाण्याची सगळी पोती एकाच कोठारात ठेवू नयेत.

६. मोबाईलवरून येणारी आमिषे

येथवर घरी येणाऱ्या मनुष्याविषयी लिहिले. आता खिशात येणाऱ्याविषयी थोडक्यात सांगतो. पी.एम. किसान, पीकविमा किंवा कर्जमाफीची यादी म्हणून एखादी ‘ए.पी.के.’ फाईल येते. ती उघडली म्हणजे मोबाईलचा ताबा दुसऱ्याकडे जाऊ शकतो, आणि बँकेचे संदेश तो वाचू लागतो. ती ओळखीच्या माणसाच्या क्रमांकावरून आली म्हणून खरी मानू नये. त्याचा मोबाईल आधीच चोरांच्या हाती गेला असण्याचा संभव असतो. पी.एम. किसानची चौकशी १५५२६१ ह्या क्रमांकावर किंवा कृषी सहायकापाशी करावी.

सौर पंपाच्या नावे बनावट संकेतस्थळे निघाल्याचे केंद्र सरकारच्या खात्याने वारंवार जाहीर केले आहे. आपल्या राज्यात लाभार्थ्याचा वाटा सर्वसाधारण शेतकऱ्यास दहा टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास पाच टक्के असतो. म्हणून पैसे मागितले की लोकांस ते खरेच वाटते. संकेतस्थळाच्या पत्त्याची अक्षरे पाहून स्वतःच निर्णय करू नये. महावितरणच्या उपविभागीय कचेरीत जाऊन आपला अर्ज कोठवर आला आहे ते विचारावे, आणि मगच पैसे भरावे. शेतात मोबाईलचा मनोरा उभारून मोठे भाडे देतो, आधी ना-हरकतीचे शुल्क भरा, असे कोणी म्हटल्यास ते सपशेल खोटे समजावे. दूरसंचार नियामक असे ना-हरकत पत्र देतही नाही व शुल्क घेतही नाही. पोलिसाच्या वेषातील मनुष्य पडद्यावर दिसून ‘तुम्हांस डिजिटल अटक केली आहे’ म्हणाला, तर मोबाईल बंद करावा. कायद्यात तशी अटक नाही. आणि एवढे घरातील सर्वांस पाठ असावे : पैसे घेण्यासाठी यू.पी.आय.चा पिन कधीच लागत नाही. तो लागतो देण्यासाठीच.

७. पारख करण्याची रीत

कोणतीही योजना आली असता पुढील क्रमाने जावे.

पहिले, त्याच दिवशी पैसे देऊ नयेत. ‘आज शेवटची तारीख’ हे वाक्य ऐकताच आठ दिवस थांबण्याचा निश्चय करावा. खरी ठेव आठ दिवसांनीही तशीच असते.

दुसरे, योजना घरातील कर्त्या स्त्रियांस व शिकलेल्या मुलांस मोठ्याने वाचून दाखवावी. जी गोष्ट ‘कोणास सांगू नका’ म्हणून सांगितली जाते, ती अवश्य सांगावी.

तिसरे, चार प्रश्न कागदावर लिहून द्यावे : पैसा कशात लावणार? नफा कोणत्या मालाच्या विक्रीतून येणार, आणि तो माल बाहेरचा कोण घेतो? ठेव घेण्याची परवानगी कोणी व कोणत्या क्रमांकाने दिली? मुदतीपूर्वी पैसे हवे असल्यास कोणाच्या सहीने व किती दिवसांत मिळतील? उत्तरही सही-शिक्क्यानिशी लेखीच मागावे.

चौथे, उत्तराची खातरजमा आपल्या वाटेने करावी, त्यांनी दाखविलेल्या वाटेने नव्हे. त्यांच्या कागदावरील क्रमांकावर फोन केला तर त्यांचाच मनुष्य बोलणार. रिझर्व्ह बँकेचे ‘सचेत’ नावाचे संकेतस्थळ २०१६ पासून ह्याच कामासाठी आहे. कोणास ठेवी घेण्याची परवानगी आहे ते तेथे पाहता येते व तक्रारही करता येते. सेबीची नोंद सेबीच्या संकेतस्थळावर पाहावी. पतसंस्थेविषयी सहायक निबंधकांच्या कचेरीत, आणि हळदीच्या खरेदीदाराविषयी बाजारसमितीत विचारावे. क्विंटलमागे पाचशे रुपये अधिक देऊन पुढील तारखेचा धनादेश देणारा, पण बाजारसमितीचा परवाना नसलेला व्यापारी हाही ह्याच लेखाचा विषय आहे.

पाचवे, पैसे दिलेच तर रोख देऊ नयेत, एजंटाच्या खात्यावर भरू नयेत, कर्ज काढून व जमीन गहाण ठेवून तर कधीच देऊ नयेत. पुढील पेरणीचा पैसा आधी बाजूस काढावा.

८. फसगत झाली असता

प्रथम लाज सोडावी. फसलेला मनुष्य गावात हसे होईल म्हणून गप्प बसतो, आणि त्या मौनावरच फसविणाऱ्याचे पुढील गाव उभे राहते. मोबाईलवरून पैसे गेले असतील तर त्याच घटकेस १९३० ह्या क्रमांकावर कळवावे व बँकेसही कळवावे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात जाण्यापूर्वी तो अडविला जाण्याचा संभव तेवढ्याच वेळात अधिक असतो. ठेव बुडाली असेल तर पोलीस ठाण्यात व जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार द्यावी. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या रक्षणासाठी १९९९ चा खास कायदा आहे. त्याअन्वये चालकांची मालमत्ता जप्त करून तिच्या विक्रीतून ठेवीदारांस पैसे देता येतात. पावत्या, माहितीपत्रके, मोबाईलवरील संदेश, सभेची निमंत्रणे हे सारे जपून ठेवावे. मूळ पावती कोणाच्याही स्वाधीन करू नये. आणि ‘तुमचा बुडालेला पैसा काढून देतो, आधी थोडे शुल्क द्या’ म्हणणाऱ्या दुसऱ्या चोरापासूनही सावध राहावे. एकदा फसलेल्यांच्या याद्या अशा लोकांच्या हाती पडतात.

आता आरंभी सांगितलेल्या सभासदांची हकीकत पुरी करतो. मेहुण्यास तोंडावर ‘नाही’ म्हणू नका, असे आम्ही त्यांस सुचविले. वरील चार प्रश्न लिहून त्यांच्याच हाती द्या, आणि ‘पाहुणे, ह्यांची लेखी उत्तरे तुम्ही आपल्या कंपनीकडून आणा, त्याच दिवशी मी पैसे मोजतो,’ असे म्हणा. त्यांनी तसे केले. मेहुणेही भले गृहस्थ होते. ते उत्तरे आणावयास गेले. पहिल्या खेपेस त्यांस भोजन घालून परत पाठविले, दुसऱ्या खेपेस ‘असे प्रश्न विचारणारे ठेवीदार आम्हांस नकोत’ असे सांगितले. ती कंपनी खोटीच होती, असे आम्ही म्हणत नाही. आमच्यापाशी तसा पुरावा नाही. परंतु उत्तर आले नाही एवढे त्यांस पुरेसे झाले, आणि विशेष हे की मेहुण्यांनीही ते काम सोडिले. तीन लाखांतून त्यांनी पीककर्ज फेडले, बेणे घेतले, उरलेली रक्कम बँकेत ठेविली. बहिणीच्या घरचे जाणे-येणे पूर्ववत आहे.

आमच्या वाचकांस विनंती एवढीच की, हे चार प्रश्न एका कागदावर उतरवून ते पासबुकाच्या पिशवीत ठेवावे. पुढल्या हंगामात हळदीचा पैसा हाती आला आणि ओसरीवर कोणी माहितीपत्रक घेऊन बसले, म्हणजे आधी तो कागद काढावा व मग चहा मांडावा.